नटाचे मार्क नटाला: अँड्र्यू गारफील्डचा स्पायडरमॅन पुन्हा कसा बघायचा

२०१२ च्या जूनअखेर ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ आपल्याकडे लागला, अमेरिकेच्याही चार दिवस आधी. माझा भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता. बाहेर सांगलीचा पाऊस, आत हिंदी डब केलेला शो. मध्यंतरात त्याने विचारलं, “मावशी, आवडला?” वडापावच्या रांगेतूनच मी निकाल देऊन टाकला. “हा कसला रे पीटर पार्कर? हा तर गॅदरिंगमधला हिरो.” पोरगं गप्प झालं. त्याला आवडला होता.

त्या निकालाची मला आता लाज वाटते, कारण निकाल देणं हेच माझं काम आहे. वीसेक वर्षं मी कॉलेजच्या एकांकिकांची परीक्षक म्हणून फिरते. त्याआधी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं, कपडेपट सांभाळला. तर एखाद्या नटाला आपण उगाच नापास केलं होतं का, हे पुन्हा कसं तपासायचं, ते मी जसं केलं तसं सांगते. माझं उदाहरण गारफील्डचं आहे. तुमचं दुसरं कुणी असेल तर त्यालाही हीच पद्धत लावा.

आधी जुना निकाल कागदावर उतरवा

डोक्यात नुसतं “नाही आवडला” असतं, त्याचा काही उपयोग नाही. मुद्दे लिहा. माझे चार निघाले. फार देखणा आणि चटपटीत आहे, स्केटबोर्डवरून फिरणारा पोरगा बुजरा कसा वाटेल? बोलताना सारखा अडखळतो. रडतो फार. आणि चौथा मुद्दा लिहायला मला जरा वेळ लागला: तो आधीच्या सिनेमांतला स्पायडरमॅन, टोबी मग्वायर, नाही.

आता या चौथ्याचं काय करायचं? मग्वायरला घेऊन सॅम रायमीने दिग्दर्शित केलेले तीन सिनेमे २००२, २००४ आणि २००७ साली आले. चौथा यायचा होता, तो जानेवारी २०१० मध्ये गुंडाळला गेला आणि त्याच वर्षी जुलैत गारफील्डची निवड जाहीर झाली. म्हणजे पहिल्या सिनेमाला जेमतेम दहा वर्षं होताहेत तोवर तोच कोळी पुन्हा चावणार, पीटरला वाढवणारे तेच बेनकाका पुन्हा मरणार. प्रेक्षक आधीच फुगून बसलेला. नवी सून उंबरठा ओलांडून आली आणि पहिल्याच दिवशी तिची आमटी थोरलीच्या आमटीशेजारी ठेवून चाखली, तसा प्रकार झाला. यात सुनेचा काय दोष? चौथा मुद्दा मी खोडला. तुमच्याही यादीत असा एक असणारच, तो शोधून काढा. बहुतेक वेळा तो शेवटी लिहिलेला असतो.

डबिंग बंद करा

हे मला फार उशिरा सुचलं. मी २०१२ ला गारफील्डचा आवाज ऐकलाच नव्हता! हिंदीत बोलणाऱ्या कलाकाराने त्याचं काम नीट केलं असेल, पण गारफील्डच्या अभिनयाचा अर्धा भाग शब्दांच्या मधल्या जागांत आहे. अर्धवट सोडलेली वाक्यं, गिळलेला श्वास, चुकीच्या जागी आलेलं हसू. डबिंगमध्ये ओठांच्या हालचालींवर पूर्ण वाक्यं बसवावी लागतात, मग या जागा बुजतात. “सारखा अडखळतो” हा माझा आरोप होता ना, तोही खरं तर मी चेहऱ्यावरूनच केला होता.

मूळ इंग्रजीत, खाली अक्षरं लावून बघा. सुरुवात शाळेच्या कॉरिडॉरमधल्या प्रसंगाने करा. पीटरला, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडरमॅनला, शाळेतल्या ग्वेनला (एमा स्टोन) बाहेर भेटायला बोलवायचं आहे आणि ‘भेटूया’ हा शब्द काही तोंडातून निघत नाही. आपण काहीतरी करू, किंवा दुसरं काहीतरी, किंवा तुला जमत नसेल तर तिसरं काहीतरी. तीही तशीच, “हो, दोन्हीपैकी काहीही” या थाटात. संपूर्ण प्रसंगात कामाचं वाक्य एकही नाही आणि भेटायचं ठरतं! लिहिलेला संवाद असा बोलणं महाकठीण. आमच्याकडे मुलं अडखळण्याचा अभिनय करतात तेव्हा तालमीत ठरलेलं अडखळणं ऐकू येतं, दर प्रयोगाला त्याच शब्दावर. इथे एमा स्टोनचं वाक्य येईपर्यंत त्यालाच आपण काय बोलणार ते ठाऊक नाही असं वाटतं. (पुढे दोघांचं खरंच जमलं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खऱ्या जोडप्यांची पडद्यावरची लाकडं मी भरपूर पाहिली आहेत, त्यामुळे त्याचे वेगळे गुण देऊ नका.)

गुणपत्रिका आखा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा थांबून सांगते.

आम्हा परीक्षकांच्या कागदावर रकाने असतात: लेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत. एका स्पर्धेत, नाव नको, मी एका मुलाला अभिनयात दहापैकी चार दिले होते. दोन वर्षांनी तोच मुलगा दुसऱ्या एकांकिकेत दिसला आणि मी खुर्चीत पुढे सरकून बसले. घरी आल्यावर जुनी फाइल काढली. त्याच्या चार गुणांपुढे माझ्याच अक्षरात शेरा होता: “संवाद कृत्रिम.” संवाद त्या पोराने लिहिले होते का? लेखकाची चूक मी नटाच्या रकान्यात लिहून मोकळी झाले होते आणि त्या पोराला हे कुणी सांगितलंही नव्हतं.

गारफील्डच्या बाबतीत जवळजवळ सगळ्या जगाने हेच केलं. म्हणून वहीत उभ्या रेघा मारा आणि सिनेमा बघताना जे खटकेल ते ज्याच्या त्याच्या रकान्यात टाका. आई-वडिलांच्या भूतकाळाचं रहस्य, वडिलांची ती बॅग, पुढच्या भागासाठी राखून ठेवलेली कोडी: लेखन. दुसऱ्या सिनेमात इलेक्ट्रो आहे, हॅरी आहे, शेवटी ऱ्हायनो आहे आणि वर पुढच्या खलनायकांची नांदी. हेही लेखन, फार तर निर्मिती. दुसरा भाग यायच्या आधीच तिसरा २०१६ ला आणि चौथा २०१८ ला येणार असं जाहीर करून झालं होतं. पाया खणायच्या आधी तिसऱ्या मजल्यावरचे फ्लॅट विकायला काढले, मग बिल्डिंग हलणारच. दुसऱ्याने जगभरात सुमारे ७० कोटी डॉलर कमावले, पहिल्यापेक्षाही कमी. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे सिनेमे काढणाऱ्या सोनीने मार्व्हल स्टुडिओजशी करार केला, भूमिका टॉम हॉलंडकडे गेली आणि गारफील्डचं खातं बंद झालं.

रकाने भरून झाल्यावर मी माझ्या तक्रारी मोजल्या. एकोणीसपैकी तेरा लेखनात. अभिनयात तीन.

मुखवटा असताना आवाज बंद करा

तोंड झाकलेल्या नटाचे गुण कसे द्यायचे? दशावतार बघणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. नारदाची चालच सांगते की नारद आला. पण सिनेमात एक अडचण आहे. इमारतींमधून झोके घेणारा स्पायडरमॅन बऱ्याचदा स्टंट करणारा असतो, नाहीतर थेट संगणकातला. ते झोके नटाच्या नावावर जमा करू नका. ज्या प्रसंगांत तो एका जागी आहे, ते निवडा.

दोन जागा सांगते. पहिल्या सिनेमात तो गटारांच्या बोगद्यांत जाळं विणतो आणि मधोमध बसून राक्षसी सरड्याची वाट बघतो. एकेका धाग्यावर लक्ष, कुठला हलतो ते बघायचं. आणि वाट बघता बघता मोबाइलवर गेम खेळतो. आवाज बंद करून फक्त त्याचं बसणं बघा. कोळीही आहे आणि कंटाळलेला सतरा वर्षांचा पोरगाही. सिनेमा लागला तेव्हा गारफील्ड अठ्ठावीसचा होता, हे लक्षात ठेवून बघितलंत तर मजा वाढेल.

दुसरी जागा विल्यम्सबर्ग पुलावरची. त्याच सरड्याने, लिझर्डने, गाड्या भिरकावल्या आहेत, यानं जाळ्यांनी त्या पुलाला टांगून ठेवल्या आहेत. एका गाडीत लहान मुलगा अडकलाय, गाडी पेट घेतेय आणि मुलगा या लाल-निळ्या प्राण्याला घाबरून जागचा हलत नाही. तेव्हा पीटर मुखवटा काढतो. आपण साधा माणूस आहोत हे त्याला दाखवतो आणि तो मुखवटा त्यालाच देतो: घाल, याने ताकद येते. मुलगा घालतो आणि वर चढायला लागतो.

मी हा प्रसंग आधी आवाज बंद करून बघितला, मग चालू करून. आवाज बंद असताना दिसतं की तो मुलाकडे वाकतो तेव्हा त्याचे खांदे सैल पडतात. सुपरहिरोचा ताठा निघून जातो आणि शेजारच्या दादासारखा होतो. आवाज चालू केल्यावर कळतं की धीर देणाराही घाबरलेला आहे. धीर देताना नट सहसा आवाज खर्जात नेतात. याने नेला नाही. ज्या क्षणी ओळख लपवायला हवी त्याच क्षणी मुखवटा उतरतो, ही करामत लेखकाची आहे, तिचे गुण लेखकाला. आवाजाचे मात्र नटाला.

याच पुलावर एका गाडीत आपला इरफान खान बसलेला आहे. डॉ. रजित राठा. थिएटरात तो पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्या मागच्या रांगेने शिट्ट्या मारल्या होत्या. पुलानंतर त्याचं पुढे काय झालं, हे सिनेमाने सांगायची तसदीच घेतली नाही. लेखनातून आणखी दोन वजा.

रडण्याआधीचा वेळ बघा

“रडतो फार” हा मुद्दा अजून शिल्लक होता. त्यासाठी २०१४ चा दुसरा भाग लावा आणि सरळ घड्याळाच्या मनोऱ्यावर जा.

कॉमिक वाचणाऱ्यांना हे आधीच माहीत होतं. जून १९७३ च्या १२१ व्या अंकात ग्वेन पुलावरून पडते, स्पायडरमॅनचं जाळं तिला पकडतं आणि तरी ती वाचत नाही. सिनेमात मनोऱ्याच्या आतून ती खाली पडते, जाळ्याचा धागा तिच्यामागे झेपावतो आणि त्याचं टोक हाताच्या बोटांसारखं उघडतं. पोचतं, पकडतं, आणि एवढ्याशा अंतराने उशीर होतो.

मग तो खाली येतो. इथे माझ्यासाठी अभिनयाचा सगळा वर्ग आहे. आमच्या एकांकिकांत मरणाची बातमी यायच्या आधीच नट रडायच्या तयारीत असतो. चेहरा दोन वाक्यं आधीच वाकडा झालेला. गारफील्ड उशीर करतो. तो आधी तिच्याशी नेहमीच्या आवाजात बोलतो, झोपलेल्याला उठवावं तसं. हात तिला सावरत असतात, जणू अजून काही करता येण्यासारखं आहे. डोळ्यांना कळलंय आणि हातांना कळलेलं नाही. मग हातांनाही कळतं. रडणं येतं ते त्यानंतर.

रडणं मोजू नका, त्याच्या आधीचा वेळ बघा. त्यानंतरचा थडग्यासमोरचा प्रसंगही सोडू नका. तो तिथे येऊन उभा राहतो, ऋतू बदलत जातात आणि तो उभाच असतो. पाठमोरा. पाठीने केलेल्या कामाला २०१४ मध्ये मी शून्य गुण दिले होते, कारण तोवर माझं लक्ष बाहेर पडायच्या दाराकडे लागलं होतं.

२०२१ चा सिनेमा शेवटी ठेवा

बहुतेक लोक उलटं करतात. डिसेंबर २०२१ मध्ये ‘नो वे होम’ लागला, मग्वायर, गारफील्ड आणि हॉलंड हे तिन्ही स्पायडरमॅन एकत्र आले आणि रातोरात सगळ्यांना गारफील्ड आवडायला लागला. त्याआधी त्याने महिनोन्‌महिने मुलाखतींत “मी या सिनेमात नाही” म्हणून तोंडभरून थापा मारल्या होत्या, त्याचंही कौतुक झालं. त्याच सुमारास ‘टिक, टिक… बूम!’ आला होता, ज्याच्यासाठी पुढे त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. वारं त्याच्या बाजूने होतं. आणि वाऱ्यावर दिलेले गुण मी मानत नाही, मग ते कमी दिलेले असोत की जास्त.

म्हणून आधी २०१२ आणि २०१४ चे गुण वहीत लिहून टाका, शाईने. मधे चार दिवस जाऊ द्या. मगच तिसरा लावा.

त्यातली त्याची एंट्री बघा. हॉलंडच्या पीटरचा मित्र नेड, त्याच्या घरात तो प्रकटतो, कुणाचा विश्वास बसत नाही, त्या पीटरची मैत्रीण एमजे त्याला पाव फेकून मारते, तो छताला चिकटून दाखवतो. मग नेडची आजी त्याला सांगते, आता वर आहेसच तर कोपऱ्यातलं जळमट काढ. आणि तो काढतो! सुपरहिरोची जागा घरात नेमकी कुठे असते ते त्या म्हातारीला बरोबर कळलंय.

पुढे तिघं एकत्र येतात तेव्हा गारफील्डने स्वतःसाठी एक भूमिका शोधून काढली आहे: मधला भाऊ. थोरल्याला मान, धाकट्याचे लाड, मधल्याला उरलंसुरलं. तो दोघांच्या मधे उभा राहून जरा जास्तच बोलतो, स्वतःची टिंगल करतो आणि थोरला “तू भारी आहेस” म्हणाला की त्याला कुठे बघावं कळत नाही. घरात तीन भावंडं असलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

मग एमजे पडते आणि या वेळी तो पोचतो. खाली उतरवून विचारतो, ठीक आहेस ना? ती हो म्हणते आणि त्याचा चेहरा बघून उलट विचारते, तू ठीक आहेस ना? तो बोलू शकत नाही, नुसती मान हलवतो. थिएटरात लोकांनी डोळे पुसले. पण ते पाणी आलं कुठून? मनोऱ्यातला तो उशीर कुठेतरी आत साठलेला होता म्हणून. हे व्याज आहे, मुद्दल २०१४ चं. दोन्ही प्रसंग लागोपाठ बघा, मगच ठरवा कुठल्या सिनेमाच्या खात्यात किती टाकायचे.

सगळं माफ करू नका

फेरतपासणीत गुण वाढतात तसे कमीही होऊ शकतात, नाहीतर ती फेरतपासणी कसली. दुसऱ्या भागात पीटर ग्वेनवर लांबून नजर ठेवतो आणि हे तिला गोड हसत सांगतो. लिहिणाऱ्याला ते प्रेम वाटलं, नटानेही ते प्रेम म्हणूनच केलं. त्यात जराशी शरम आणता आली असती, आणली नाही. कापले. पहिल्या भागात गाडीचोराला छळतानाचा पोरकटपणा लांबतो, तिथेही कापले. आणि स्केटबोर्ड मला अजूनही पटलेला नाही, देखणेपण मात्र माफ केलं. बुजरेपणा दिसण्यात असतो असं मी समजत होते. आमच्या वर्गातली सगळ्यात देखणी मुलगी कधी कुणाशी धड बोलायची नाही, हे मला आठवायला हवं होतं.

माझे आकडे: २०१२ चा अभिनय पाचवरून साडेसात. २०१४ चा चारवरून साडेआठ. लेखन अनुक्रमे पाच आणि तीन. भाच्याला वहीचा फोटो पाठवला. तो आता बावीसचा आहे, पुण्यात नोकरी करतो. त्याचं उत्तर आलं, “बेनकाकांचा व्हॉइसमेल ऐकतानाचा सीन कुठाय?” विसरले होते. आठ करून पाठवला.

शेवटची चाचणी: ज्याला काहीच माहीत नाही त्याला दाखवा

आपलं मन वळलं की आपण लगेच वकील होतो. म्हणून एक प्रसंग अशा कुणाला तरी दाखवा, ज्याला ना टोबी माहीत ना मार्व्हल. मी आईला दाखवला, वय अठ्ठ्याहत्तर. प्रसंग पहिल्या भागाच्या शेवटचा निवडला. मे काकूने, म्हणजे बेनकाकांच्या बायकोने, कधीपासून अंडी आणायला सांगितलेली असतात. शेवटची लढाई आटोपून पीटर रात्री घरी येतो, चेहरा सुजलेला, ओठ फुटलेला. काकू त्याच्याकडे बघत राहते. तो काहीच सांगत नाही, सांगू शकत नाही. पिशवीतून अंड्यांचा खोका काढून तिच्या हातात देतो. ती त्याला जवळ घेते.

आई बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मी वही उघडून बसले होते.

“भांडून आलाय,” ती म्हणाली.

“हो.”

“आई नाही का त्याला?”

“काकू आहे.”

पुन्हा जरा वेळ गेला.

“एवढी मारामारी झाली,” आई म्हणाली, “आणि अंडी एकही फुटलं नाही? सांभाळून आणलीत पोरानं.”